“सर, मी नाही बघितलं” हे वाक्य वॉर्डात बोलता आलं पाहिजे

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमएस जनरल सर्जरी झालंय, सीनियर रेसिडेन्सीचे चार महिने उरलेत, एकीकडे जिल्ह्याच्या गावातल्या प्रायव्हेट हॉस्पिटलची ऑफर आहे आणि दुसरीकडे सरकारी मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा. सीनियर सांगतायत की टीचिंगला गेलास की ऑपरेशनचा हात जातो, आणि आताची पोरं ऐकत नाहीत, वॉर्डात रील काढतात, त्यांच्या मागे कोण लागणार. मी एकतीस वर्षं सरकारी कॉलेजांत सर्जरी शिकवली, लेक्चरर म्हणून लागलो, एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणून निवृत्त झालो, मध्ये तीन बदल्या झाल्या, आणि शेवटची बारा वर्षं मेडिकल एज्युकेशन युनिट आणि कॉलेजची शिस्त समिती दोन्ही माझ्याकडे होत्या. त्यामुळे दोन्ही गोष्टींवर बोलतो, पण दुसरीवर जास्त, कारण पहिलीचं उत्तर सोपं आहे.

हात जात नाही. सरकारी कॉलेजात युनिटचा, म्हणजे सर्जनांच्या एका टीमचा, इमर्जन्सी डे असतो त्या दिवशी कॅज्युअल्टीत जे येतं ते प्रायव्हेटला महिन्यात दिसत नाही. परफोरेशन म्हणजे आतड्याला पडलेलं भोक, ऑब्स्ट्रक्शन म्हणजे तुंबलेलं आतडं, दोन दिवस गावातच काढून आलेला अपेंडिक्स, डायबेटिक फूट, साप चावून पायाला सेल्युलायटिस झालेला शेतकरी, रात्री बारानंतर हायवेवरचे ॲक्सिडेंट. काम भरपूर मिळतं. बदलतं ते एवढंच की टेबलाच्या ज्या बाजूला ऑपरेट करणारा उभा असतो तिथे हळूहळू रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा शिकाऊ डॉक्टर, येतो आणि तुम्ही समोर असिस्ट करायला जाता. आणि ते ऑपरेट करण्यापेक्षा अवघड आहे हो. साधा जांघेतला हर्निया घ्या, पोरगा पोटाच्या स्नायूचा वरचा थर उघडतोय, खाली इलिओइन्ग्वायनल नर्व्ह, म्हणजे जांघेकडे जाणारी नस आहे, तुम्हाला ती दिसलीय आणि त्याला अजून नाही, कात्री तिच्यापासून दोन मिलिमीटरवर आहे, आता त्याच्या हातातली कात्री घ्यायची की “थांब, खाली काय दिसतंय ते मला सांग” एवढंच म्हणायचं, हे ठरवायला अर्धा सेकंद असतो. कात्री घेतलीत तर तो नर्व्ह शोधायला कधीच शिकणार नाही, गप्प राहिलात तर पेशंटची मांडी आयुष्यभर दुखेल. हे ज्याला जमतं त्याचा स्वतःचा हात सुधारतो, कारण आपण काय करतो हे शब्दात सांगावं लागलं की ते आपल्यालाही नव्याने कळतं.

बढतीचं थोडक्यात. सध्याच्या नियमांत एमएस नंतर एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी झाली की असिस्टंट प्रोफेसर होता येतं, चार वर्षांनी असोसिएट, पुढे तीन वर्षांनी प्रोफेसर, सोबत पेपर आणि मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स लागतो. आपल्याकडे कायम नेमणूक एमपीएससीतून होते आणि तोपर्यंत तात्पुरत्या ऑर्डरवर दिवस काढावे लागतात, त्याची तयारी ठेवा, घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. बेसिक कोर्सचे ते तीन दिवस फक्त सर्टिफिकेटसाठी म्हणून बसू नका. आपण सगळे सर्जरी शिकून आलेलो असतो, शिकवायला कोणीच शिकवलेलं नसतं.

आता वागणुकीचं.

माझ्या असोसिएट प्रोफेसर असण्याच्या काळातली गोष्ट, कॉलेजचं नाव सांगत नाही. पन्नाशीतला एक शेतकरी, ड्युओडेनल परफोरेशन, म्हणजे जठरालगतच्या लहान आतड्याला भोक, रात्री नऊला ऑपरेशन झालं, पोटातल्याच चरबीच्या पडद्याने ते भोक बंद केलं, पोटात लिटरभर घाण होती. मी रात्री अकराला घरी गेलो. सकाळी साडेसहाला राउंडला आलो तर माणसाची जीभ कोरडी खडखडीत, पल्स १२८, यूरिन बॅगमध्ये शंभर मिलीसुद्धा नाही आणि जी होती ती चहासारखी. चार्ट उचलला. चार्टवर रात्री बारापासून पहाटे सहापर्यंत दर दोन तासांनी बीपी १२०/८०, पल्स ८४, आणि दर तासाला यूरिन आउटपुट ५० मिली. सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात, एकाखाली एक अगदी ओळीत. रात्रभर लिहिलेला चार्ट तसा नसतो, त्यात एखादी खाडाखोड असते, एखादा आकडा चौकटीबाहेर गेलेला असतो, दोन वेगळी पेनं असतात. हा एका बैठकीत लिहिलेला होता. पेशंटची बायको खाली चटईवर बसली होती, तिला विचारलं तर म्हणाली, “दोन वाजल्यानंतर कोणी आलंच न्हाई बघा साहेब, सिस्टर एकदा सलाईन बदलून गेल्या.”

त्या माणसाला फ्लुइड दिले, क्रिएटिनिन चढलं होतं म्हणजे किडनीला फटका बसला होता, तीन दिवस वाईट गेले, नंतर सुधारला आणि चौदाव्या दिवशी घरी गेला. ज्याने चार्ट लिहिला तो फर्स्ट इयर रेसिडेंट, अभ्यासात युनिटमधला सगळ्यात हुशार. दहा वाजता त्याला चेंबरमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं की हे का केलंस. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “सर, मागच्या मंगळवारी राउंडला मी ‘आउटपुट बघायचं राहिलं’ म्हणालो तेव्हा तुम्ही केसपेपर फेकलात आणि पंधरा मिनिटं मला सगळ्यांसमोर उभं केलंत. त्या दिवशी सीनियर्सनी मला सांगितलं, ‘नाही बघितलं’ कधी म्हणायचं नाही, काहीतरी नॉर्मल आकडा सांगून मोकळं व्हायचं.”

मला तो मंगळवार आठवत होता. केसपेपर फेकलेला आठवत होता. तो फेकताना मला वाटत होतं की मी शिस्त लावतोय. माझ्या सरांनी माझ्यावर असेच फेकले होते आणि मी त्यातून घडलो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी त्या पोराला एका मिनिटात शिकवलं होतं की या युनिटमध्ये खरं बोललं तर मार बसतो आणि खोटं बोललं तर राउंड पुढे सरकतो. दुसऱ्या आठवड्यात त्याने शिकलेलं वापरलं, बिल त्या शेतकऱ्याच्या किडनीने भरलं.

त्या दिवसापासून युनिटचा नियम बदलला. चार्टवर “बघितलं नाही” असं लिहायला परवानगी, वेळ टाकायची आणि सही करायची. राउंडला कोणी “सर, मी नाही बघितलं” म्हणाला की पहिला प्रश्न एवढाच, का राहिलं आणि आत्ता काय करायचं. त्यावर कोणीही आवाज चढवायचा नाही, मी सुद्धा नाही, आणि मी चढवला तर सिस्टर-इन-चार्जने मला थांबवायचं असं मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. दोनदा थांबवलंही त्यांनी. पण दुसरी बाजूही तितकीच पक्की ठेवली. जे केलं नाही ते केलं म्हणून लिहिलं, तर मात्र त्याला माफी नाही, लेखी नोंद होणार, एचओडीकडे जाणार. काम राहणं ही चूक, आकडा बनवणं हा वेगळाच प्रकार, आणि या दोन्हीला आपण एकच शिक्षा देतो तिथे पोरं अर्थातच दुसरा पर्याय निवडतात कारण त्यात सापडायची शक्यता कमी. पहिल्या दोन महिन्यांत चार्टवर “बघितलं नाही” इतक्या वेळा दिसलं की मला धक्का बसला, म्हणजे आधी ते सगळे आकडे काय होते? त्यावरून मग मला रात्रीच्या ड्युटीत एक माणूस वाढवून मागता आला, कारण आता कागदावर दिसत होतं की एकटा पोरगा पाच पोस्ट-ऑप पेशंट आणि कॅज्युअल्टी दोन्ही बघू शकत नाही.

तुम्ही म्हणाल एका चार्टचं एवढं काय. अमेरिकेत २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. राज्यांच्या मेडिकल बोर्डांनी शिस्तभंगाची कारवाई केलेले २३५ डॉक्टर घेतले, ते तीन मेडिकल कॉलेजांतले, त्यांच्याच बरोबरीचे कारवाई न झालेले ४६९ घेतले, आणि सगळ्यांच्या विद्यार्थीदशेतल्या जुन्या फाइली काढल्या. कारवाई झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या फाइलमध्ये कॉलेजातच गैरवर्तनाच्या नोंदी सापडल्या, बाकीच्यांत १९ टक्के. सगळ्यात जास्त संबंध कशाशी निघाला तर गंभीर बेजबाबदारपणाशी, आणि त्यानंतर चूक दाखवून दिल्यावर स्वतःत बदल करण्याची तयारी नसण्याशी. मार्कांशीही संबंध होता पण तो यापुढे किरकोळ. मी हा अभ्यास दरवर्षी नव्या फॅकल्टीला सांगायचो आणि त्यातलं ते १९ टक्केही मुद्दाम सांगायचो, कारण नोंद झालेली कितीतरी पोरं पुढे अगदी नीट डॉक्टर झाली. म्हणून नोंद म्हणजे शिक्का नव्हे. नोंद करायची ती वेळेवर हात धरता यावा म्हणून.

आणि नेमकं तिथेच आपण कमी पडतो. स्टाफरूममध्ये काय चालतं बघा. “अरे तो? हुशार आहे, थोडा उर्मट आहे, होईल नीट.” मेडिसिनवाले हेच म्हणतात, ऑर्थोवाले हेच म्हणतात, गायनॅकवाले हेच म्हणतात, प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे एकदाच घडलं, आणि तो पोरगा सगळ्या पोस्टिंग फिरून इंटर्न होऊन बाहेर पडतो, तेव्हा कुठल्याच कागदावर एक ओळ नसते. मग अचानक एक दिवस नातेवाइकाच्या अंगावर धावून जातो आणि सगळे म्हणतात असं कसं केलं याने. अहो, सहा डिपार्टमेंटला माहीत होतं. आम्ही एक साधी पद्धत सुरू केली होती, पाच ओळींचा कागद. काय घडलं, कधी घडलं, कोणी पाहिलं, विद्यार्थी काय म्हणाला, पुढे काय ठरलं. विशेषणं लिहायची नाहीत. “उद्धट आहे” असं नाही लिहायचं, “पेशंटने पाणी मागितल्यावर ‘मी काय वॉर्डबॉय आहे का’ असं म्हणाला” असं लिहायचं. कागद विद्यार्थ्याला वाचायला द्यायचा, त्याचं म्हणणं त्याच्याच अक्षरात घ्यायचं. एक कागद असेल तर तो माझ्या कपाटात राहायचा, दोन वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे आले की मी बोलावून बसवायचो, तिसरा आला तरच समितीपुढे.

ते बोलावून बसवणं हेच खरं काम आहे. दहातल्या सात वेळा खाली दुसरंच काहीतरी असायचं. एक मुलगी सकाळच्या क्लिनिकला, म्हणजे पेशंटच्या बेडजवळच्या तासाला, सतत उशिरा, हजेरी कमी, सगळे म्हणायचे बेफिकीर आहे. विचारलं तर कळलं वडील डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा ती पहाटे घरी जाऊन त्यांना सेंटरवर सोडून मग कॉलेजला येते, आणि हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं कारण तिला वाटत होतं रडगाणं गायलं असं होईल. तिचं पोस्टिंग दुपारच्या बॅचला हलवलं, विषय संपला. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी हा नियम आहे आणि तो मी कधी वाकवला नाही, पण हजेरी का कमी आहे हे विचारायला कुठला नियम आड येत नाही. उरलेल्या तीन वेळा मात्र खाली काही नसायचं, पोराला खरंच वाटायचं की पेशंट ही आपल्या शिकण्यासाठी ठेवलेली वस्तू आहे, तिथे वेळ द्यावा लागतो.

त्या वस्तूवरून आठवलं, क्लिनिकबद्दल बोलायलाच हवं. तुम्ही शिकलात तसाच मीही शिकलो. ब्रेस्ट लम्पची, म्हणजे स्तनातल्या गाठीची, केस आहे म्हटलं की पंधरा पोरं बेडभोवती, पडदा अर्धा, सर म्हणणार “हात लावून बघा, कन्सिस्टन्सी कळली का”, एकामागून एक हात. एकदा एका मावशीने सुरुवात व्हायच्या आधीच पदर तोंडावर ओढून घेतला आणि संपेपर्यंत काढला नाही. तिने “नाही” म्हटलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणारी बाई नाही कशी म्हणेल? त्यानंतर आमच्याकडे तिघांच्या वर कोणी हात लावायचा नाही, सोबत सिस्टर किंवा मुलगी विद्यार्थिनी पाहिजेच, पडदा पूर्ण, आणि हात लावण्याआधी विद्यार्थ्याने स्वतः, सरांनी नव्हे, बसून विचारायचं. वाक्यं सुद्धा मी पाठ करून घ्यायचो. “मावशी, मी शिकणारा आहे, अजून डॉक्टर झालो नाही. तुमची गाठ तपासून बघितली तर मला शिकायला मिळेल. तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही, मोठे डॉक्टर तुम्हाला बघणारच आहेत.” सुरुवातीला पोरांना हे म्हणायला लाज वाटायची, “मी अजून डॉक्टर नाही” हे तर घशातून निघायचं नाही. पण गंमत नाही सांगत, जवळपास सगळ्या बायका हो म्हणायच्या, वर सांगायच्या, “बघ बाळा, नीट शीक.” ज्या दोन-चार नको म्हणायच्या त्यांना नको म्हणता आलं, हेही त्या बॅचने पाहिलं.

कन्सेन्ट, म्हणजे पेशंटची संमती, शिकवताना मी कायद्याची पुस्तकं आधी काढत नाही, पालशेतची केस सांगतो. १९५३ चा मे महिना, गुहागरजवळचं पालशेत, तिथल्या समुद्राच्या वाळूत एका वीस वर्षांच्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. आरोप असा होता की ॲनेस्थेशिया न देता, माणसांनी धरून, जोर लावून हाड बसवलं, मुलगा शॉकमध्ये गेला आणि वारला. वडील स्वतः डॉक्टर होते. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९६८ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला, आणि डॉक्टरची तीन कर्तव्यं त्यात सांगितली गेली, केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कुठला उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत या निकालाचा आधार घेतला जातो. कोकणातली पोरं वर्गात असली की पालशेतचं नाव ऐकून मान वर करतात, तो किनारा त्यांना माहीत असतो. मग २००८ चा समीरा कोहली निकाल सांगतो. दुर्बीण घालून फक्त तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि ओव्हरीज काढल्या, संमती तिच्या आईची घेतली, ती बाई स्वतः सज्ञान आणि शहाणी होती आणि जिवावर बेतलेलंही नव्हतं. कोर्टाने सांगितलं तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नाही. या दोन केसेस सांगितल्या की फॉर्मवर अंगठा घ्यायला वॉर्डबॉयला पाठवणारा इंटर्न दुसऱ्या दिवशी स्वतः जातो, हे मी पाहिलंय.

रीलचं विचारलंत. २०२४ मध्ये कर्नाटकात गदगच्या मेडिकल कॉलेजात ३८ विद्यार्थ्यांवर हॉस्पिटलमध्ये रील केल्याबद्दल कारवाई झाली, ट्रेनिंग दहा दिवस लांबवलं. बातमी आली तेव्हा माझ्याकडेही अशीच एक केस होती, ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, फोटो, मागे पेशंटचा चेहरा अर्धा दिसतोय, स्टेटसला टाकलेला. त्या मुलाला मी विचारलं, तुझ्या आईचं ऑपरेशन चालू असताना कोणी असा फोटो काढला तर? तो म्हणाला सर, आम्ही सगळेच काढतो, मॅडमनी पण काढला होता आणि ग्रुपवर टाकला होता. बघा, परत तेच. पेशंटची ओळख कळेल असा फोटो परवानगीशिवाय छापायचा नाही हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेपासून लिहिलेलं आहे, तेव्हा रील नव्हते एवढंच. मी आधी फॅकल्टीची मीटिंग घेतली, सिनियर लोकांना अवघड वाटलं तरी घेतली, ओटीत फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचे, प्रोफेसरचा सुद्धा, केसचा फोटो हवा असेल तर डिपार्टमेंटच्या कॅमेऱ्यावर आणि लेखी संमतीने. मग त्या मुलाची नोंद केली. आधी मोठ्यांचे फोन कपाटात गेले म्हणून त्याची नोंद त्याला पटली, नुसतीच केली असती तर तो आणखी कडवट झाला असता.

पोरं आपल्याकडे बघत असतात हो सारखी. लॉगबुकचंच घ्या, म्हणजे विद्यार्थी काय काय करायला शिकला त्याची नोंदवही. २०१९ च्या बॅचपासून कॉम्पिटन्सीवर आधारलेला अभ्यासक्रम आला, त्यात ॲटिट्यूड, एथिक्स आणि कम्युनिकेशनसाठी एटकॉम म्हणून वेगळे तास आले, स्किल आधी बघायचं, मग असिस्ट करायचं, मग स्वतः करून दाखवायचं आणि मगच सही घ्यायची असं सगळं छान मांडलं. कागदावर मला तो बदल मनापासून आवडला. पण टर्म संपताना दीडशे लॉगबुकांचा ढीग टेबलावर येतो आणि सर फोनवर बोलत बोलत एका दुपारी सगळ्यांवर सह्या करतात, ज्या पोराने एकही टाका घातला नाही त्याच्या “सुचरिंग” पुढेही सही. मला सांगा, तो रात्रीचा चार्ट आणि ही सही यात फरक काय? इन्स्पेक्शनच्या दिवशी जो मास्तर वर्षभर दिसला नाही तो कोट घालून रांगेत उभा राहतो, आणि पोरं खिडकीतून बघतात. त्या दुपारी एटकॉमच्या तासाला प्रामाणिकपणावर कोणी कितीही चांगलं बोललं तरी त्यांच्या कानात शिरणार नाही. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांना हिपोक्रेटिसची शपथ द्यायची की चरकाची यावर केवढा वाद झाला, मला त्या सगळ्यात वाटत राहिलं की शपथ कुठलीही द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात पोरांना काय दिसतं ते आधी बघूया.

चांगलं उदाहरणही सांगतो. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच पंधरा दिवस आश्रमात राहावं लागतं, सफाई आणि श्रमदान करावं लागतं, आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलांना तिथल्या घरांची जबाबदारी मिळते. मी तिथे परीक्षक म्हणून गेलो होतो तेव्हा एक फरक जाणवला. आमच्याकडचा विद्यार्थी केस मांडताना “अ फिफ्टी इयर ओल्ड मेल” म्हणून सुरू करतो, तिथल्या एका मुलीने सुरुवातीलाच सांगितलं की हे गृहस्थ अमुक गावचे, तीन एकर कापूस आहे, एसटी एकच आहे म्हणून दाखवायला उशीर झाला. त्या उशिरामुळे हर्निया अडकला होता, म्हणजे ती सर्जरीच सांगत होती. मी परत आल्यावर आमच्या केसशीटवर “दवाखान्यात यायला किती वेळ आणि किती खर्च” असा एक रकाना छापून घेतला.

रॅगिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही पण असिस्टंट प्रोफेसर म्हणून ते तुमच्याच अंगावर येणार. महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी, आणि संस्थाप्रमुखाने दुर्लक्ष केलं तर त्यालाही गुन्ह्याला मदत केल्यासारखं धरतात. हॉस्टेलचं रॅगिंग त्यामुळे बरंच दबलं. वॉर्डातलं नाही दबलं, कारण त्याला ड्युटी म्हणतात. फर्स्ट इयरला सलग दोन रात्री झोपू द्यायचं नाही, जेवायला सोडायचं नाही, थर्ड इयरची थीसिस त्याने टाइप करायची, आणि हे सगळं “आम्ही पण केलंय” म्हणून. २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या राष्ट्रीय टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांच्या वर ड्युटी नको आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असं सुचवलंय. सर्जरीच्या रेसिडेंटला हा आकडा सांगा, त्याला विश्वास बसणार नाही. माझ्या युनिटमध्ये मी ७४ पर्यंत कधीच आणू शकलो नाही हे खरं आहे, पण इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला फर्स्ट इयर घरी गेलाच पाहिजे, एवढं एक पाळलं, आणि तो गेला की नाही हे मी थर्ड इयरला नाही, सिस्टरना विचारायचो.

तर ती जागा घ्या डॉक्टर, असं माझं स्पष्ट मत आहे. पगार प्रायव्हेटपेक्षा कमी असेल, बदली होईल, ऑर्डर वेळेवर निघणार नाही. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी एचओडींना भेटून झालं की वॉर्डात जा, सिस्टर-इन-चार्ज, वॉर्डबॉय मामा आणि आया मावशी यांची नावाने ओळख करून घ्या आणि त्यांना विचारा की कुठला विद्यार्थी पेशंटशी कसा बोलतो, तुम्हाला अर्ध्या तासात जे कळेल ते इंटर्नल असेसमेंटच्या मार्कांत कधी कळणार नाही. आणि पहिल्याच राउंडला कोणीतरी पोरगा एखाद्या बेडशी अडखळेल, पल्स किती विचारल्यावर सिनियरकडे बघेल. तिथे थांबा, घाई करू नका. त्याला म्हणा, “बघितली नसशील तर तसं सांग, आपण दोघं आत्ता बघू”, आणि पेशंटचा हात तुम्ही स्वतः हातात घ्या.